कर्ण्याची कुळकथा

दिवाळी अंकाच्या पानांवर कोणी किल्ल्याचा इतिहास लिहितो, कोणी घराण्याचा, कोणी विस्मृतीत गेलेल्या शाहिराचा. मी यंदा लिहिणार आहे तो एका भांड्याचा. भांडेच म्हणायचे, कारण दुरून पाहिले तर ते धोत्र्याच्या फुलासारखे दिसणारे पत्र्याचे भांडे आहे, आणि लहान मुलांना त्यात चेंडू टाकून पाहण्याचा मोह आवरत नाही. देवळाच्या शिखराशेजारी, शाळेच्या गच्चीवर, निवडणुकीच्या रिक्षावर, जत्रेतल्या बांबूच्या टोकावर ते बसलेले असते. कोणी त्याला हॉर्न म्हणतात, वर्तमानपत्रवाले भोंगा म्हणतात, आमच्याकडे म्हणतात कर्णा. त्याच्या पाठीशी डब्यासारखा जो जड भाग आवळून बसवलेला असतो, त्याला मांडववाले युनिट म्हणतात. आजची गोष्ट मुख्यतः या युनिटाची आहे. कर्णा हे नुसते तोंड. कंठ आहे तो युनिटात.

नावाचीच गंमत पाहा. कर्ण म्हणजे कान, म्हणून कर्णा हा शब्द संस्कृतातला असावा असे कोणालाही वाटेल. पण तो आला फारसीतून, आणि आपल्याकडे रुळला तो शिंगे-कर्ण्यांच्या जोडीने. स्वारी निघाली, छबिना निघाला की कर्णा फुंकला जाई. म्हणजे आजचे हे यंत्र येण्याआधीच त्याचे नाव आपल्या गावात तयार होते. फुंकणाऱ्याच्या ओठांची थरथर रुंदावत जाणाऱ्या नळीतून मैलभर नेणारे ते वाद्य, आणि विजेची थरथर तशाच नळीतून नेणारे हे यंत्र. लोकांनी नाव ठेवताना नेमके मर्मावर बोट ठेवले.

हे यंत्र येण्यापूर्वी एका माणसाचा शब्द हजारांना ऐकवायचा कसा? त्याच्या युक्त्या आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ शोधल्या होत्या. दवंडी पिटणारा चौकाचौकांत थांबून तेच तेच सांगे. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे राहत. शाहिराची ओळ उंच सुरात उचलून मागच्या माणसापर्यंत पोचवणे हेही त्यांचे एक काम. झीलकरी म्हणजे त्या काळचे अँप्लिफायरच म्हणा ना! वारीच्या दिंडीत विणेकरी अभंगाचे चरण धरतो आणि टाळकऱ्यांच्या रांगांतून ते मागे मागे झिरपत जातात. नाटकात तर आवाज ‘फेकणे’ ही विद्याच होती. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केले, ते ध्वनिवर्धकाशिवाय. शेवटच्या रांगेतला प्रेक्षक ऐकत होता तो माणसाच्या छातीतला दम.

पण दम सगळ्यांनाच नसतो. ज्याच्याजवळ विचार आहे त्याच्याजवळ गळा असेलच असे नाही, आणि ज्याच्याजवळ गळा आहे त्याच्याजवळ विचार असेलच असे तर मुळीच नाही! शतकानुशतके मोठ्या जमावापुढे बोलण्याचा मान गळ्याच्या धन्याला मिळत आला. कर्ण्याचा इतिहास वाचताना हे ध्यानात ठेवावे. ती नुसत्या यंत्राची गोष्ट नाही. कोणाचा शब्द कुठवर पोचतो, याची गोष्ट आहे.

आता यंत्राकडे वळू. मॅट्रिकच्या पुढे पदार्थविज्ञानाशी माझी गाठ पडली नाही. तेव्हा मला जे समजले ते मी वर्गात सांगतो तसेच सांगणार. जाणत्यांनी हसू नये, नि अजाणांनी घाबरू नये.

हवेत हात हलवून पाहा. हाताला काही जोर लागतो काय? नाही. हवा इतकी हलकी नि मोकळी की ती बाजूला सरकते, धक्का घेतच नाही. घरच्या रेडिओतला स्पीकर पाहा. त्यात कागदाची एक उथळ वाटी पुढेमागे हलत असते. तिची गत आपल्या हातासारखीच. ती बिचारी खूप हलते, पण तिच्या हालचालीतले फार थोडे हवेच्या पदरात पडते. शंभर वॅट वीज दिली तर एक-दोन वॅटांचा ध्वनी निघायचा, बाकीची सारी वीज तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जायची. खोलीत बसून गाणे ऐकायला तेवढे पुरते. मैदानात पुरत नाही.

आता सायकलचा पंप घ्या. तोंड मोकळे ठेवून दांडा दाबला तर तो सुळकन आत जातो. तेच पंपाच्या तोंडावर बोट ठेवून भोक बारीक केले की दांड्याला जोर लागू लागतो. जिथे जोर लागतो तिथेच काम होते, हा शेतकऱ्यालाही ठाऊक असलेला नियम. युनिटाने नेमके हेच केले. त्यात कागदाची मोठी वाटी नाही. पातळ धातूचा किंवा राळेने ताठ केलेल्या कापडाचा तळहातात मावेल एवढा घुमट असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. त्याच्या काठाला तारेचे वेटोळे असते, ते चुंबकाच्या अरुंद फटीत बसते. वीज वेटोळ्यातून धावली की घुमट थरथरतो. इथवर सगळे रेडिओच्या स्पीकरसारखेच. पण या घुमटापुढे मोकळी हवा नाही. अगदी केसभर अंतरावर एक भिंत आहे, आणि हवेला बाहेर पडायला बारीक घसा ठेवला आहे. घुमटाने ढकललेली हवा त्या घशात कोंबली जाते. हवेला पळायला जागा नाही, म्हणून ती धक्का घेते.

पण घशातून ही दाबलेली लाट एकदम उघड्यावर सोडली तर? तीही दाराशीच ठेचकाळते, निम्मीअधिक माघारी फिरते. म्हणून घशापुढे हळूहळू रुंदावत जाणारी नळी हवी. घाटाचा रस्ता वळणे घेत घेत उतरतो, तेव्हाच बैलगाडी सुखरूप तळाला येते. तशी ही नळी दाब कमी कमी करत आणि पसारा वाढवत लाटेला मोकळ्या हवेत आणून सोडते. हाच तो कर्णा. असे युनिट आणि असा कर्णा जमला की शंभरांतले एक-दोन नव्हे, वीस-पंचवीस वॅटही ध्वनी होऊन बाहेर पडू शकतात.

यात आणखी एक नाजूक कारागिरी आहे. घुमटाच्या कडेपासून घसा लांब, मध्यापासून जवळ. दोन्हीकडून निघालेल्या लाटा घशाशी मागेपुढे पोचल्या तर एकमेकींना पुसून टाकतात, आणि ‘स’, ‘श’, ‘च’ हे बारीक वर्ण नाहीसे होतात. म्हणून त्या भिंतीत गोल गोल फटी असलेला एक खुंटा बसवतात. प्रत्येक फटीतून घशापर्यंतचे अंतर सारखे. शाळेची घंटा झाली की जवळच्या वर्गाला वळसा घालून आणि लांबच्या वर्गाला सरळ वाटेने आणावे, म्हणजे प्रार्थनेला सगळे एकाच क्षणी उभे राहतील. तशीच ही युक्ती.

ही कल्पना काही एका डोक्यातून निघाली नाही. वेटोळे आणि चुंबक यांची जोडी जर्मनीच्या सीमेन्सने १८७४ मध्ये सुचवली होती, इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉजने १८९८ मध्ये ती पुढे नेली. परंतु विजेचा क्षीण संदेश बलवान करणारा व्हॉल्व्ह तेव्हा नव्हता. गाडी तयार, बैल नाहीत, असा प्रकार. विसाव्या शतकाच्या आरंभी काही लोकांनी भलतीच वाट काढली. वाफेच्या टर्बाइनचा जनक चार्ल्स पार्सन्स आणि होरेस शॉर्ट यांच्या यंत्रात पंपाने दाबून भरलेली हवा एका झडपेतून सोडत, आणि ग्रामोफोनची सुई ती झडप हलवी. म्हणजे सुईने बोलायचे नाही, नुसता नळ उघडायचा-मिटायचा. बोलायचे ते हवेनेच! आवाज दणदणीत निघे, पण मागे हवेचा फुसकारा सतत चाले, नि पंप सांभाळायला माणूस लागे.

मग अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी १९१५ च्या सुमारास वेटोळे, चुंबक आणि ग्रामोफोनचा कर्णा यांची मोट बांधली. त्यांनी आपल्या यंत्राला नाव दिले मॅग्नावॉक्स. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ महान आवाज. १९ सप्टेंबर १९१९ रोजी सॅन डिएगोच्या मैदानात राष्ट्राध्यक्ष विल्सन राष्ट्रसंघाची बाजू मांडायला उभे राहिले. प्रकृती खालावलेली, आणि पुढे सुमारे पन्नास हजारांचा समुदाय. त्यांना काचेच्या खोलीत उभे केले, वर कर्णे टांगले, आणि एका आजारी माणसाचा आवाज मैदानभर गेला. गळ्याची मक्तेदारी मोडली ती अशी.

आजच्या युनिटाचा खरा पूर्वज मात्र त्यानंतरचा. बेल प्रयोगशाळेतल्या वेंटे आणि थुरास यांनी १९२६ मध्ये तो घडवला. पातळ ड्युरॅल्युमिनचा घुमट, सपाट पट्टीचे वेटोळे, आणि मघाशी सांगितलेला फटींचा खुंटा हे सारे त्यात होते. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे ते ५५५ नंबरचे युनिट. गरजही तशीच होती. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरची ताकद तेव्हा थोडक्या वॅटांची, आणि तेवढ्यात दीड-दोन हजार खुर्च्यांचे थिएटर भरून काढायचे. एक वर्ष आधीच, १९२५ मध्ये, राइस आणि केलॉग यांनी आजच्या घरगुती कागदी स्पीकरचा पाया घातला होता. घर त्याने जिंकले, पण थिएटर कर्ण्यानेच घेतले. ऑगस्ट १९२६ मध्ये न्यूयॉर्कला ‘डॉन जुआन’ आणि १९२७ च्या ऑक्टोबरात ‘द जाझ सिंगर’ लागले, तेव्हा पडद्यामागे हेच कर्णे होते. मुका पडदा बोलला तो कर्ण्याच्या तोंडाने.

आता योगायोग पाहा. १९३१ चा मार्च महिना. १४ तारखेला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि हिंदुस्थानचा पडदा बोलू लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस कराचीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, आणि तिथे ध्वनिवर्धक लावले ते नानिक मोटवाने या सिंधी व्यापाऱ्याने. मोटवान्यांची कंपनी मूळची सक्करची, तेथून कराचीला, मग मुंबईला आली. नाव मात्र शिकागो रेडिओ, कारण आरंभी शिकागोचा टेलिफोनचा माल त्या विकत असत. घराण्यात हकिगत सांगतात ती अशी: गांधीजींचा आवाज बारीक, सभा अफाट, लोकांना ऐकू जावे म्हणून ते एका मंचावरून दुसऱ्या मंचावर जाऊन बोलत. तरुण नानिकनी ते पाहिले आणि मनाशी ठरवले की या माणसाला जागच्या जागी बसून बोलता आले पाहिजे. पुढे देशभर सभांना त्यांची यंत्रे गेली. त्या काळची पुढाऱ्यांची छायाचित्रे काढून पाहा. मायक्रोफोनवर शिकागो रेडिओ ही पाटी हटकून दिसेल.

गांधीजी गळा ताणून बोलत नसत. शांतपणे, थांबत थांबत, घरात बोलावे तसे बोलत. लाखांपुढे तसे बोलता आले ते या यंत्रामुळे, असे म्हटले तर वावगे होणार नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या गवालिया टँकवर ‘भारत छोडो’ची हाक गेली. पुढारी तुरुंगात गेले, सभा बंद झाल्या. तेव्हा उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी २७ ऑगस्टपासून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, आणि त्याला साहित्य नि माणसे पुरवणाऱ्यांत हेच मोटवाने होते. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी केंद्र पकडले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. मोटवान्यांनाही पकडले होते, खटल्यात ते सुटले. व्यापारी माणसाने आपल्या मालापायी तुरुंगाची पायरी चढावी, ही गोष्ट आपल्या पोरांना सांगण्याजोगी आहे.

स्वातंत्र्यानंतर कर्णा खेड्यात शिरला. गावात वीज नसली तरी मोटारच्या बॅटरीवर तो चाले. थोडक्या विजेत मोठा आवाज हा त्याचा गुण इथे कामी आला. आणि मैदान मोठे असले की आणखी एक अडचण येते: अँप्लिफायर एकीकडे, कर्णे दूर दूर. लांब तारेत वीज वाटेतच जिरते. त्याला तोड तीच, जी कोयनेची वीज मुंबईला नेताना काढली. दाब वाढवून वीज पाठवायची आणि मुक्कामाला उतरवून घ्यायची. म्हणून अँप्लिफायरच्या पाठीवर शंभर व्होल्टांची लाइन असते आणि प्रत्येक युनिटाजवळ छोटा ट्रान्स्फॉर्मर. दहा-दहा खांबांवर कर्णे टांगता येतात ते यामुळेच. लांबलचक नळी खांबावर पेलणार कशी, हाही प्रश्न होता. तो नळीला घडी घालून सोडवला. लाट एकदा पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे अशी एकात एक बसवलेल्या नळ्यांतून जाते. हातभर कर्ण्याच्या पोटात अशी दोन-तीन हात वाट लपलेली असते, शंखाच्या पोटात असते तशी.

मी राहतो ती सांगवी दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. एका अंगाला मुळा, दुसऱ्या अंगाला पवना. पलीकडे औंध, अलीकडे दापोडी. एके काळी मळे होते, पुढे पिंपरी-चिंचवडचे कारखाने आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि मळ्यांवर इमारती उगवल्या. इथल्या जुन्या माणसांना एक गोष्ट ठाऊक आहे: रात्री नदीपलीकडचे भजन घरात बसल्यासारखे ऐकू येते, दिवसा मात्र तोच कर्णा असून नसल्यासारखा. लोक म्हणतात, रात्री गलबला नसतो म्हणून. ते खरे, पण अर्धेच. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते, तेव्हा ध्वनी वर आभाळाकडे वळतो. रात्री पाण्यावरची हवा गार आणि तिच्यावरची उबदार, तेव्हा तो खाली जमिनीकडे वाकतो आणि नदीवरून घसरत पलीकडच्या घरांत शिरतो. दहा वाजल्यानंतर कर्णा बंद ठेवावा हा नियम करणाऱ्यांनी याचा विचार केला होता की नाही कोण जाणे, पण नियमाच्या बाजूने आकाशच साक्ष देते.

आमच्या भागातले एक माइकवाले अण्णा आहेत. हयात मांडवात गेली. एकदा त्यांच्या दुकानी गेलो तेव्हा टेबलावर सहा-सात युनिटे उघडी पडली होती. घुमट फाटलेले, वेटोळी काळी. मी विचारले, “अण्णा, ही इतकी जळतात कशी?”

ते म्हणाले, “गुरुजी, युनिट जळत नाही. जाळतात.”

मग त्यांनी सांगितले, आणि मी पुढे पुस्तकांत ताडून पाहिले, ते असे. कर्ण्याचे तोंड जेवढे मोठे तेवढाच खर्ज त्याला पेलतो. तोंडाचा घेर निदान लाटेच्या लांबीएवढा तरी हवा. दीड फुटाच्या कर्ण्याचा घेर जेमतेम दीड मीटर. त्यामुळे सेकंदाला सव्वादोनशे-अडीचशे कंपनांखालचे सूर त्यातून धड निघत नाहीत. पुरुषाच्या आवाजाचा पाया त्याही खाली, शंभर-सव्वाशे कंपनांवर असतो. मग भाषण कळते कसे? कारण शब्द कळतो तो व्यंजनांनी, आणि व्यंजने हजार ते चार हजार कंपनांच्या घरात राहतात. पाया नसला तरी वरच्या मजल्यांवरून आपला कान पाया ताडतो. टेलिफोनवर आपण बापाचा आवाज ओळखतो तो याच न्यायाने. म्हणून कर्ण्यावर तबल्याची चाट टणटणते नि डग्गा मुका राहतो, झांजा तळपतात नि पखवाजाचा धुमा हरवतो.

“आणि पोरांना त्याच्यातून धुमाच पाहिजे,” अण्णा म्हणाले. “बास चढवतात. खालच्या सुराला पुढं हवेचा आधार नाही. घुमट मोकळा उडतो, खुंट्यावर आपटतो, नि फाटतो. कर्णा शब्दासाठी आहे, गुरुजी. त्याला ढोल वाजवायला लावला की मरतो.”

हे वाक्य मला एखाद्या ऋषीने सांगितल्यासारखे वाटले. कर्णा शब्दासाठी आहे. आळंदीला, पंढरपूरला यात्रेत जाऊन पाहा. त्या गर्दीत सगळ्यांत मोलाचे काम कोणते चालले असेल तर ते हरवले-सापडले केंद्राच्या कर्ण्याचे. कोणाची म्हातारी चुकली, कोणाचे पोर चुकले. नाव, गाव, लुगड्याचा रंग, सारे सांगून होते आणि कुठून तरी रडवेला बाप धावत येतो. तिथला बोलणारा प्रत्येक शब्द सुटा करून बोलतो. तो उगाच नव्हे. ध्वनी सेकंदाला सुमारे साडेतीनशे मीटर चालतो. दोन कर्णे सत्तर मीटर अंतरावर असले तर एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दामागे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने येतो, आणि घाईने बोलणाऱ्याचे नाव त्यात चिरडले जाते. पोर सापडणे न सापडणे त्या थांबण्यावर असते.

शाळेतही मी हेच पाहतो. २६ जानेवारीला आवाजाने दणकट मुलगा माइकविनाही मैदान गाजवतो. पण वर्गात पुटपुटणारी एखादी लाजाळू मुलगी चार ओळी बोलते, आणि तिचा बारीक, उंच आवाज कर्णा मुलांच्या आवाजाहून स्वच्छ नेतो. कारण उंच सूर त्याच्या प्रकृतीचे. झेंड्यापलीकडे रस्त्यावर उभी असलेली तिची आई तो ऐकते. मॅग्नावॉक्सपासून इथवरच्या साऱ्या खटाटोपाचे सार्थक मला त्या आईच्या चेहऱ्यावर दिसते.

आणि तरीही आज कर्णा म्हटला की लोक कानांवर हात ठेवतात. का, त्याचा हिशेब मांडून पाहू. कर्ण्याला एक वॅट दिला तर मीटरभर अंतरावर साधारण १०८ डेसिबल आवाज येतो. कागदी स्पीकरला तेवढाच वॅट दिला तर ८८. हा वीस डेसिबलांचा फरक म्हणजे शंभरपट शक्तीचा फरक. कर्ण्याला तीस वॅट द्या, १२३ डेसिबल झाले. अंतर दुप्पट केले की सहा डेसिबल उतरतात. शंभर मीटरांवर उरले ८३. आणि कायदा काय सांगतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. जिथे ध्वनिवर्धक लावला त्या जागेच्या हद्दीवर तो त्या मर्यादेच्या दहापेक्षा वर जाऊ नये, आणि कोणत्याही परिस्थितीत ७५ ओलांडू नये. रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर लावायचाच नाही. सणाच्या मोजक्या दिवशी सरकारने सवलत दिली तर बारापर्यंत. सर्वोच्च न्यायालयानेही १८ जुलै २००५ रोजी या बंधनांवर शिक्कामोर्तब केले. आमचा तीस वॅटचा एक कर्णा पूर्ण जोरात सोडला तर नुसत्या हिशेबाने दोन किलोमीटरांवरही ५५ च्या वर राहतो. घरे, झाडे नि वारा त्यात पुष्कळ काटछाट करतात खरे, पण यंत्राची ताकद ध्यानात यावी. आणि मिरवणुकीत अशा कर्ण्यांचा जुडगा असतो!

हल्लीच्या मिरवणुकीत कर्णे दिसत नाहीत, काळ्या पेट्यांच्या भिंती दिसतात, म्हणून कोणी कर्णा गेला असे समजू नये. त्या पेटीची जाळी काढा. खर्जासाठी मोठे कागदी स्पीकर, आणि मध्ये छोटा कर्णा नि त्याच्या पाठीशी तेच युनिट, वेंटे-थुरासचे नातवंड. शब्दासाठी जन्मलेल्या यंत्राला आता शब्दाचे काम उरलेले नाही, एवढेच. ८५ डेसिबलांत रोज आठ तास काढणाऱ्या कामगाराचा कान धोक्यात येतो असे जाणकार धरतात, आणि दर तीन डेसिबलांना ती मुदत निम्मी होते. शंभर डेसिबलांना उरतो जेमतेम पाव तास. भिंतीपुढे नाचणारे पोर तासन् तास तिथे असते. कानातल्या ज्या बारीक केसांनी ऐकू येते ते एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत. वर्गात मागच्या बाकावरून “काय गुरुजी?” असे विचारणारा प्रत्येक मुलगा बेफिकीरच असतो, असे मला हल्ली वाटत नाही.

दोष यंत्राचा नाही. युक्ती आहे ती थोडक्या शक्तीत दूर पोचण्याची; शक्ती मुबलक झाली तेव्हा काटकसरीची युक्ती दांडगाईला जुंपली गेली. तेव्हा या दिवाळीत, पुढच्या सप्ताहात, शाळेच्या संमेलनात ज्यांच्या हाती कर्णा येईल त्यांना मास्तरकीच्या हक्काने चार गोष्टी सांगतो. एक मोठ्याने ओरडणारा कर्णा लावू नका; चार लावा, पण हळू. त्यांची तोंडे आभाळाकडे किंवा पलीकडच्या आळीकडे नकोत, बसलेल्या माणसांकडे खाली झुकवा. पावसाचे पाणीही आत जाणार नाही. बासचे बटण उतरवा. शब्द उजळतील नि युनिट वाचेल. बोलताना थांबत थांबत बोला. आणि दहाच्या ठोक्याला बंद करा, कारण त्यानंतर नदी तुमचा आवाज पलीकडे नेते, आणि पलीकडे कोणाची तरी परीक्षा असते, कोणाचे तरी आजारपण असते, कोणाचे तरी तान्हे बाळ नुकतेच झोपलेले असते.